माटवी, आवृत्ती चार

नाव माटवी ठेवलं, नऊ वर्षांपूर्वी,
कारण तीही नुसती पट्ट्यांची चौकट;
जो तो रानातून येताना काही आणतो नि बांधतो,
कुणी कवंडळ, कुणी हरणाची फुलं,
कुणी न सांगता एखादं थोरलं तवसं,
ज्याच्या वजनानं एक बाजू खाली येते
आणि मला रात्रभर दोऱ्या सारख्या कराव्या लागतात.
फुकट. उघडी. न्या, मोडा, सुधारा,
सुधारलंत तर तेवढं परत आणून टांगा.

आता चौथीची वेळ.
शंभर पानी वही घेतली
आणि वेंगुर्ल्याच्या बंदरापासून सुरुवात केली.

बर्फाच्या कारखान्यात इनास डिसोजा म्हणाला,
तुझ्यात अर्धी लादी लिहिता येत नाही
आणि माझा अर्धा धंदा अर्ध्या लादीचा.
मी लिहिलं: अपूर्णांक.
फरझाना मुकादम, लिलावाच्या ओट्यावरून, बोली न थांबवता:
बोटांना खवलं असतात गो, बटणं मोठी कर,
आणि तारखेखाली तिथी दे;
भांगाला जाळं कोरडं येतं
हे तुझ्या कॅलेंडरला कुणी सांगितलंच नाही.
मी लिहिलं: भांग, उधाण. बटणं.
गवाणकरांच्या सुहासची दोनशे पेट्यांची पावती
तिसऱ्या आवृत्तीनं गिळली होती ऐन एप्रिलात.
तो इच्छा सांगत नव्हता, भांडत होता.
तेही लिहिलं. चहा त्यानंच पाजला.

एक पत्र अशा देशातून, जिथं समुद्रच नाही;
एक नर्स लसींच्या नोंदी माटवीत ठेवते.
आमची लिपी उजवीकडून निघते, तिनं लिहिलं,
तुमची चौकट आरशात धरल्यासारखी दिसते.
आणि माटवी म्हणजे काय?
या दुसऱ्या प्रश्नाला मला अख्खी संध्याकाळ लागली.

कुडाळचा निनाद, माझा जोडीदार, म्हणाला,
एवढं सगळं होणार नाही, मतं घेऊ,
ज्याला जास्त कौल ते आधी.
मी कौल या शब्दापाशी थांबले.
पाकळी उजवी पडली की डावी, तो कौल;
आणि मे महिन्यात शिडीवर चढून
एकेक उचलून बघायचं, तेही कौल.
चिरलेलं खालून दिसत नाही,
आणि ते एकटंच असतं.

केळुसकर शेवटी भेटले. जयवंत केळुसकर,
मच्छीमार सोसायटीत होड्यांची नोंद ठेवतात:
गेली किती वाजता, आली किती वाजता.
माका नवीन कायच नको, म्हणाले.
आसा ता मोडू नको म्हणजे झाला.
मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
एकच इचारतंय. ऑक्टोबरात एक होडी इलीच नाय.
दोघे होते तिच्यात.
तुझा फारम माका सोडी ना,
'आली' भरल्याबगर फुडे जाय ना.
मगे मी बारा तारीख घातलंय. सांजचे सहा.
खोटी.
त्या घरची बायको येऊन बघून गेली
सहा वाजलेले.

मी वहीत काही लिहिलं नाही.

रात्री ती ओळ शोधली. माझ्याच हातची,
बावीस वर्षांची मी, नीटनेटकी, घाईत:
परतीची वेळ, आवश्यक.
आणि शेजारी ती छोटी लाल चांदणी,
जी मला तेव्हा फार देखणी वाटली होती.

चांदणी काढायला चार सेकंद लागली.
निनाद म्हणाला, बेरजा चुकतील,
न आलेल्या होड्या समुद्रात धरायच्या तरी किती दिवस?
मी म्हटलं, धरू.
तो गप्प राहिला, मग बेरजांचं काम स्वतःकडे घेतलं.

चौथीच्या यादीत खूप काही आहे:
अर्ध्या लाद्या, तिथी, उजवीकडून निघणारी अक्षरं,
सुहासच्या पावतीसाठी सतरा नव्या चाचण्या.
तळाशी, कुणी मत न दिलेलं:
आल्याची वेळ रिकामी चालेल.

केळुसकरांना फोन करून सांगितलं,
आता ती तारीख पुसता येते.
पलीकडे लाटांचा आवाज, की पंख्याचा.
बघया, म्हणाले.